थांबाबाईची मोजणी

आमच्या शेजारणीचा आवाज भिंतीतून येतो. भिंत पातळ आहे असं नाही, आवाज जाड आहे. सकाळी ती नवऱ्याला म्हणते, "थांब, आधी टॉवेल वाळत घाल," आणि इकडे गालाला साबण लावलेला मी हातात ब्लेड घेऊन जागीच थांबतो. माझी बायको म्हणते, "तिचं जेवढं ऐकता त्याच्या पावपट माझं ऐकलं असतं, तर घराला एव्हाना रंग लागला असता."

ह्या शेजारणीला सगळे थांबाबाई म्हणतात. शाळेतल्या मुलांनी नाव पाडलं आणि ते इतकं चिकटलं की तिचा नवराही चिडला की तेच म्हणतो. नवरा नळ दुरुस्त करतो. बोलतो कमी, गळती असेल तेवढंच. बाई शाळेसमोरच्या रस्त्यावर उभी राहून मुलांना पलीकडे सोडते, सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना. अंगात पिवळं जाकीट, हातात दांड्यावरचा लाल गोल फलक. नोकरी वाहतूक कचेरीची. शाळेच्या बरोबर समोर माझं चष्म्याचं दुकान असल्यामुळे हा खेळ मी रोज पहिल्या रांगेतून पाहतो. गिऱ्हाईक नसलं की आम्हा दुकानदारांना तेवढंच काम असतं.

आधी ती बाटल्यांच्या कारखान्यात होती. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जायच्या, त्यातली तडा गेलेली उचलून बाजूला काढायची. कारखाना बंद पडला तेव्हा तिने ह्या जागेसाठी अर्ज केला. कचेरीतल्या जुन्या साहेबांनी विचारलं, "गाड्यांची भीती नाही ना वाटत?" ती म्हणाली, "गाडीला निदान ड्रायव्हर असतो. बाटलीला कोणी नव्हता." नोकरी मिळाली. हे ती स्वतः सांगते, त्यामुळे मीठ किती आणि मसाला किती हे मला माहीत नाही.

मग जुने साहेब गेले आणि नवे आले. नव्या साहेबांना पुरावा लागतो. त्यांनी विचारलं, ही बाई तिथे उभी राहते त्याने नक्की काय होतं? मुलं सुखरूप पोचतात, असं शाळेने कळवलं. साहेब म्हणाले, ती बाई नसती तरी पोचली असती कशावरून? फरक पडत नसेल तर जागा रद्द करू आणि तो पगार दुसरीकडे वापरू. बाईच्या डोक्यावर हे टांगलं आणि अभ्यासाचं काम एका संशोधन संस्थेला दिलं. माणसं कशी चालतात, कशी थांबतात आणि कोणाचं बघून काय करतात, हे मोजणारी ही संस्था. तिथून एक तरुण संशोधक आली. सडपातळ, मोठ्या चष्म्याची. (चष्मा माझ्या दुकानातला नव्हता, हे फ्रेम बघताच कळत होतं.) गळ्यात मोजणीचं बटणयंत्र अडकवलेलं, म्हणून ती मोजणीताई झाली.

तिने थांबाबाईला आणि आम्हा दुकानदारांना बेकरीत गोळा करून सगळं समजावलं. बेकरीवाला आमचा पुढारी. त्याला कोणी निवडलेलं नाही, पण बसायला जागा फक्त त्याच्याकडे आहे.

"एक आठवडा काकू रस्त्यावर असतील, एक आठवडा नसतील," मोजणीताई म्हणाली. "बाकी सगळं तेच राहील. शाळा तीच, वेळ तीच, वळणावर पोलीसदादा दोन्ही आठवडे उभे, काही झालंच तर असावेत म्हणून. आपण मुद्दाम बदलतो ती एकच गोष्ट. तिला म्हणतात चल."

"जन्मभर मी जगाला थांब म्हणतेय," थांबाबाई म्हणाली, "आणि ही मलाच चल म्हणते."

"काकू नसतात तो आठवडा तुलनेसाठी. त्याला नियंत्रण म्हणतात."

"मी नसताना नियंत्रण? कोणाचं?" बाईने बेकरीवाल्याकडे बघितलं. "ह्याचं?"

मोजणीताई हसली, पण गाडी रुळावरून उतरू दिली नाही. तिचे मदतनीस बेकरीच्या वरच्या गच्चीत बसून मोजणार होते, कोण कडेला थांबून बघतं, कोण सरळ उतरतं, कोण तिरकं धावतं. चोरून काही नाही, दोन्ही टोकांना तशी पाटी. ती म्हणाली, "आपल्याला कोणी बघतंय हे कळलं की माणूस वेगळा वागतो. म्हणून पहिले काही दिवस आम्ही नुसते बसू. तुम्ही आम्हाला विसरलात की मोजायला लागू."

शेवटी तिने बाईपुढे संमतीपत्र ठेवलं. बाईने ते डोळ्यांपासून लांब धरून सगळं वाचलं. चाळिशीचा चष्मा मी फुकट करून देतो म्हणून किती दिवस मागे लागलोय, पण ती म्हणते, गाडी दिसते तेवढं पुरे.

"सही नाही केली तर?"

"तर आम्ही अभ्यास करणार नाही. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"आणि कचेरी?"

"कचेरी काय ते त्यांचं त्यांचं ठरवेल. खोटं कशाला सांगू."

"हे बरं बोललीस," बाई म्हणाली आणि सही केली.

दोघी गेल्यावर बेकरीवाल्याने दार लोटलं. "ऐका. मुलीने काय सांगितलं ते कोणाला कळलं का? फरक. सगळा खेळ फरकाचा आहे. बाई असताना आणि नसताना यात फरक दिसला तर बाई राहणार. मग दिसू दे की. चांगला डोळ्यांत भरेल असा दिसू दे."

झालं. बाई असलेल्या आठवड्यात आमचा रस्ता तीर्थक्षेत्रासारखा झाला. माणसं कडेला हात बांधून उभी, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, पुन्हा डावीकडे. एरवी मोबाइलवर बोलत ट्रकच्या नाकाखालून जाणारा शिंपी एका म्हातारीला "आधी आपण" म्हणाला. म्हातारी घाबरून परत घरी गेली. बाईला संशय यायला हवा होता. पण चांगल्या वागण्याचा कोणाला संशय येतो? ती संध्याकाळी मला म्हणाली, "बघितलंस चष्मेवाल्या, शेवटी लागली की नाही शिस्त."

मी हो म्हणालो आणि काच पुसत बसलो. बेकरीवाल्याने मला कटात काही कामच दिलं नव्हतं. कारण दिलं, "तू ऐनवेळी हसतोस." खोटं नाही ते.

पुढच्या आठवड्यात बाई घरात बसली आणि रस्त्यावर धुमाकूळ सुरू झाला. शिंपी तिरका पळतोय. त्याची सासू, जी गुडघ्यांमुळे देवघरापर्यंत जात नाही असं सगळ्यांना माहीत, ती बरोबर मधोमध उभी राहून चपलेचा पट्टा लावतेय. आणि बेकरीवाला स्वतः पावांचा ट्रे डोक्यावर घेऊन इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. पलीकडे पाव घेणारं कोणी नव्हतं. नेलेले पाव तसेच परत यायचे. मोजणीताई माझ्या दुकानात आली.

"काका, इथली माणसं नेहमी अशीच चालतात?"

"माणसं काय," मी म्हणालो, "आली लहर, केला कहर."

"ते ट्रेवाले काका दर वेळी तेच पाव नेतात."

"पाव ताजे आहेत, फिरले की आणखी फुगतात," असं काहीतरी मी बोललो आणि वाकून ड्रॉवरमध्ये स्क्रू शोधायला लागलो. ती बराच वेळ उभी होती. तिला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कागदावर मांडता येणं वेगळं. एखादा माणूस मूर्खासारखा का वागतो त्याचा पुरावा कुठून आणायचा?

इकडे घरात बाईचा जीव टांगणीला. भांड्यांचा कप्पा तिने रिकामा केला, भरला, पुन्हा रिकामा केला. तिचा नवरा, म्हणजे आमचे नळवाले काका, कधी नव्हे ते कामावर लवकर गेले. शेवटी दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला ती ओल्या चादरी घेऊन आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेली. तिथून शाळेसमोरचा रस्ता दिसतो. रस्ता बघायचा नाही असं तिने मोजणीताईला सांगितलं नव्हतं. रस्त्यावर यायचं नाही एवढंच कबूल केलं होतं.

तिने काय बघितलं ते मी खालून बघितलं. शाळा सुटली. बेकरीवाला ट्रे घेऊन धावला, गाडीचा अंदाज घेऊन धावला, तेवढा तो हुशार आहे. पण त्याची धाकटी मुलगी त्याच वेळी फाटकातून बाहेर आली होती. बाप पळाला, तशी तीही पळाली. बापाने केलं ते लेकीने केलं, एवढंच. फक्त बापाने गाडी बघून घेतली होती आणि तिने बापाला बघितलं होतं.

ब्रेक इतका जोरात लागला की माझ्या शोकेसमधल्या फ्रेम हलल्या. पोरगी गाडीच्या पुढे वीतभर अंतरावर उभी होती, दप्तर घट्ट धरून. वळणावरचा पोलीस शिट्टी तोंडात धरून धावत होता, शिट्टी वाजवायचं त्याला सुचलं नाही. पाव सगळ्या रस्त्याभर.

काही लागलं नव्हतं. कोणालाच काही लागलं नव्हतं. पण बेकरीवाला रस्त्यातच खाली बसला.

थांबाबाई घरातल्या चपलांवर आली. जाकीट नाही, फलक नाही. तिने मुलीचा हात धरला, तिला बेकरीत नेऊन बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग आम्ही सगळे आत जमलो आणि बाईच्या तोफेची वाट बघायला लागलो. तोफ उडालीच नाही. बाई हळू आवाजात बोलली आणि इतकं वाईट मला तिच्या ओरडण्याने कधी वाटलं नव्हतं.

"कोणाचं डोकं हे?"

सगळे बेकरीवाल्याकडे बघायला लागले.

"तुझंच," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "ह्या बाकीच्यांना डोकं असतं तर तुझं ऐकलं नसतं."

"बाई, तुमची नोकरी…"

"माझी नोकरी काय आहे?"

त्याने मुलीकडे बघितलं.

"सांग ना. मी तिथे रोज कशाला उभी राहते? ही पोरगी पलीकडे जावी म्हणून. तू माझी नोकरी वाचवायला माझंच काम मारायला निघालास. आणि शिंपीबुवा, आठवडाभर माझ्यासमोर 'आधी आपण' करत होतात. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, लोक सुधारले म्हणून. तो माणूस आयुष्यात हसत नाही, तो हसला. का हसला ते आज कळलं."

"पण फरक दिसला असता, बाई," शिंपी पुटपुटला.

"तुमचा दिसला असता. माझा कुठे?"

एवढं बोलून ती वर बेकरीच्या गच्चीत मोजणीताईकडे गेली. मीही गेलो. साक्षीदार म्हणून असं मी बायकोला सांगितलंय, खरं तर मला राहवलं नाही.

मोजणीताई लॅपटॉप पुढे घेऊन बसली होती. तिनेही गाडी बघितली होती.

"हे दोन आठवडे फेकून दे," बाई म्हणाली. "सगळे नाटक करत होते."

"मला वाटलंच होतं. पण सिद्ध करता येत नव्हतं. कचेरीला आकडे उद्या हवेत, नुसत्या संशयावर मी ते थांबवू शकत नाही." ती थोडी अडखळली. "काकू, एक सांगू? हे आकडे गेले तर तुमची जागा पक्की आहे. तुमच्यामुळे एवढा फरक पडतो, असा निकाल मी कुठेच बघितलेला नाही."

"मग लिही. थांबाबाईने स्वतः येऊन सांगितलं, आकडे खोटे आहेत म्हणून. माझं नाव घाल, माझी सही घे."

"पुन्हा मोजलं आणि फरक निघालाच नाही तर?"

"तर माझ्या तोंडावर सांग. पण मोजायचं तर मला मोज. बेकरीचा ट्रे नको मोजूस."

शाळेच्या सुट्ट्या संपल्यावर मोजणी पुन्हा झाली. ह्या वेळी बाई कुठल्या दिवशी उभी राहणार हे रोज सकाळी चिठ्ठी उचलून ठरायचं, म्हणजे नाटकाची तालीम करायला कोणाला वेळच नको. आणि तालीम करणार कोण? बेकरीवाला शाळेच्या वेळात मुलीचा हात धरून रस्ता ओलांडायचा, ती म्हणायची "बाबा, हात दुखतोय," तरी सोडायचा नाही. बाई नसण्याची चिठ्ठी आली की ती माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. घरी बसवेना, गच्चीवर जायचं नाही असं आता तिने स्वतःहून कबूल केलं होतं. बाहेर हॉर्न वाजला की तिचा हात स्टुलाची कड पकडायचा. मी तिला अक्षरांचा तक्ता दाखवून रमवायला बघितलं. खालच्या तीन ओळी तिला दिसल्या नाहीत. ती म्हणाली, "ती छोटी अक्षरं त्यांचं त्यांचं बघतील."

निकाल मोजणीताईने कचेरीला देण्याआधी बेकरीत येऊन सांगितला. तसं तिने कबूल केलं होतं. बाई मधोमध बसली, हात मांडीवर.

"सकाळी मुलांमध्ये स्पष्ट फरक आहे. तुम्ही असता तेव्हा मुलं कडेला थांबतात, बघतात. तुम्ही नसता तेव्हा पुष्कळ मुलं सरळ उतरतात."

बेकरीवाल्याने टाळी वाजवायला हात वर केले, बाईने नुसतं बघितलं, हात खाली आले.

"मोठी माणसं तुमच्यामुळे बदलत नाहीत."

"ते मला आकड्यांशिवाय माहीत होतं," बाई शिंप्याकडे बघत म्हणाली.

"आणि गाड्या…" मोजणीताईने बाईकडे बघितलं. "गाड्या तुम्हाला बघून हळू होत नाहीत, काकू. तुम्ही असा नाहीतर नसा, वेग तोच. त्या वळणामुळे हळू होतात. गाडी हळू होते आणि तुम्ही तिथे असता, दोन्ही एकदम घडतं. पण एकामुळे दुसरं घडतं असं नाही."

हे लागलं. 'माझं जाकीट बघून ड्रायव्हरचे पाय लटपटतात,' हे बाईचं वर्षानुवर्षांचं वाक्य. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ते ऐकलंय. मला एक विनोद सुचला होता, मी तो गिळला. हे माझ्याकडून फार वेळा होत नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मग ते मला बघतच नसतील. उद्यापासून ड्रायव्हरचा डोळा माझ्या डोळ्याला मिळाल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. आणि दुपारचं काय?"

"दुपारी सरासरी फरक दिसत नाही. बहुतेकांना आईबाप न्यायला येतात. न्यायला कोणी येत नाही अशी मुलं थोडीच आहेत, इतकी थोडी की त्यांच्याबद्दल ह्या आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही. फरक आहे असंही नाही, नाही असंही नाही. हे मी अहवालात स्पष्ट लिहिलंय."

लिहिलं होतंच. पण साहेबांनी आकड्यांचा तक्ता बघितला आणि खालचा मजकूर वाचला नाही. आठवड्याभरात ते स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, घामाघूम होऊन चालत आला होता. शाळा सुटायची वेळ होती, बाई फलक घेऊन उभी.

"बाई, अभिनंदन. सकाळची जागा कायम. दुपारची गरज नाही असं ठरलंय."

"कोणाला गरज नाही?"

"सरासरी…"

"साहेब, सरासरी नावाचं पोर माझ्याकडे आजवर आलेलं नाही. ती बघा, निळ्या दप्तराची. तिची आई कामावरून सुटेपर्यंत संध्याकाळ होते. तिला सांगा गरज नाही म्हणून."

"मी एकटा ठरवत नाही हो. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"मग वर सांगा, बाई ऐकत नाही."

"दुपारचा पगार मिळणार नाही. जाकीट आणि फलकही दुपारी वापरता येणार नाही, ते कचेरीचं सामान आहे."

बाईने जाकीट उतरवलं, घडी घातली, फलकासकट साहेबांच्या हातात दिलं. "सकाळी परत आणा. सामान कचेरीचं आहे, बरोबर. मी नाही." आणि साध्या साडीत, रिकाम्या हातांनी ती कडेला जाऊन उभी राहिली. येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे बघत राहिली, त्याने बघेपर्यंत. मग हात वर केला आणि खाली उतरली. निळ्या दप्तराची पोरगी पलीकडे गेली. मागून आणखी दोघं गेली. साहेब घडी केलेलं जाकीट छातीशी धरून आमच्या सगळ्यांबरोबर कडेला थांबले होते.

तेव्हापासून ती दुपारी अशीच उभी राहते. कचेरीकडून दोन सूचना आल्या. पहिलीला तिने उत्तर पाठवलं, "वाचली." दुसरीला तेही नाही. नळवाले काका तिच्यासाठी रस्त्यावर पाण्याची बाटली आणून देतात आणि न बोलता निघून जातात. घरात त्यांनी नोकरी सोड म्हणून सुचवून बघितलं होतं. ते उत्तर मी भिंतीतून ऐकलं, छापण्यासारखं नाही.

गेल्या सोमवारी मोजणीताई परत आली. संस्थेने तिला नवा अभ्यास दिलाय, ह्या वेळी फक्त न्यायला कोणी न येणारी मुलं मोजायची, आमच्याच नाही तर बऱ्याच शाळांसमोर, म्हणजे संख्या पुरेशी होईल. थांबाबाईने पुन्हा संमतीपत्र लांब धरून सगळं वाचलं. सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. मी मान वाकडी करून वाचली. "मोजणीसाठी घरी बसायचे दिवस सोडून, निकाल काहीही लागला तरी मी दुपारी उभी राहणार."

"काकू, असं ह्याच्यावर लिहिता येत नाही," मोजणीताई म्हणाली.

"लिहिलंय," बाई म्हणाली आणि पेन तिच्या हातात दिलं.